सोमवारच्या आधी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

निघायच्या आदल्या रात्री मी जे बोललो ते बोलायला नको होतं. 'दोन वर्षांच्या कोर्सनं काय होणार?' २८ वर्षं लेथवर, लोखंड कातत काढलेल्या माणसाच्या तोंडी हे शोभत नाही. आई अजून माझ्याशी धड बोलत नाही.

काल फोनवर म्हणालीस, सोमवारपासून लेथ. मशिनबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून बसलोय. फक्त केस घट्ट बांधून टोपीत घाल. बाह्या कोपराच्या वर.

तू ठेवून गेलेला अभ्यासक्रम दोनदा वाचला. ड्रॉइंग, सीएनसी म्हणजे प्रोग्रामवर चालणारी मशिनं, पीएलसी म्हणजे लाइन चालवणारा कंट्रोलर, हायड्रॉलिक्स, क्वालिटी. आम्हाला आपापलं एकच मशीन कळायचं. लाइन थांबली की सेन्सर मळलाय, हवेचा दाब उतरलाय की प्रोग्राम चुकलाय, हे तुला शोधता येईल. असा माणूस मेंटेनन्सला लागतो, सेटर-प्रोग्रामर होतो, क्वालिटीत जातो, पुढे लाइन सांभाळतो. डिग्री करावीशी वाटलीच, तर यातले कोणते विषय तिथे धरतात ते आत्ताच कॉलेजात विचारून ठेव. मी आग्रह करत नाहीये.

कंट्रोल चार्ट, म्हणजे मोजलेली मापं ठिपक्यांनी मांडायचा आलेख, मात्र मन लावून शिक. वॉल्टर श्यूहार्टनं १९२४ साली तो काढला. माप टॉलरन्समध्ये, म्हणजे चालेल इतक्या फरकात असतानाच ठिपके एका बाजूला सरकायला लागतात, टूल झिजत असलं तर तिथे कळतं. आम्ही ते आवाजावरून ओळखायचो, नाहीतर जॉबवरून, म्हणजे कातत असलेल्या तुकड्यावरून बोट फिरवून. तू फिरवू नकोस. जॉब पकडून फिरवणारा चक पूर्ण थांबू दे.

सीएनसीला दरवाजा असतो म्हणून निर्धास्त राहू नकोस. जी-शून्य-शून्यची, म्हणजे टूल झपाट्यानं हलवायच्या हुकमाची ओळ चुकली की टूल पूर्ण वेगात जॉबवर येऊन आदळतं. नवा प्रोग्राम सिंगल ब्लॉकवर, एकेक ओळ करून चालव, बोट फीड होल्डवर, टूल थांबवायच्या बटणावर ठेवून.

पुन्हा बोटावरच आलो. शिकवणी घ्यायला बसलो नव्हतो, राग मानू नकोस.

माझ्या डब्याच्या पिशवीत एकदा तुला लोखंडाच्या किसाचं निळं वेटोळं सापडलं होतं. तू त्याची अंगठी केलीस. बोट कापलं, रक्त आलं, तरी काढून देईनास. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

माझं बोट दारात चेमटलं, असं तुला सांगत आलो. ते खरं नाही. फिरत्या जॉबला हातानं पॉलिश पेपर धरला होता आणि हातात मोजा होता. मोजा चकवर कधी गुंडाळला गेला ते दिसलंही नाही. लेथवर मोजे घालायचे नाहीत, मनू. कितीही थंडी असो, कोणीही देऊ दे.

तुझ्या निळ्या स्वेटरात माझा मायक्रोमीटर गुंडाळून ठेवलाय. मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा अजून बरोबर दाखवतो. डबीत ठेवताना तोंडं घट्ट मिटू नकोस, जराशी फट राहू दे. सोमवारी संध्याकाळी फोन कर. मी जागाच असेन.

तुझा,
बाबा