फिजिओ मॅडम, कठड्यावरच्या आम्हा सगळ्यांकडून थँक्यू

मॅडम, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हीच म्हणाला होता माझं नाव कुठं टाकू नका म्हणून. पण आमच्या पेठेत फिजिओ मॅडम म्हटलं की आता बारकं पोरगं पण सांगतंय कोण ते, त्यामुळं ज्यांना कळायचं त्यांना कळतंयच.

मी आपल्या फुटबॉल टीममधल्या ८ नंबरच्या खेळाडूचा थोरला भाऊ. रोज सकाळी सहाला सरावाच्या मैदानाच्या कठड्यावर डावीकडनं तिसरा बसलेला असायचो, ग्रे जर्किन घातलेला. सरावाचा कॅम्प संपला त्या दिवशी तुमच्याशी बोलायचं होतं पण तुमच्याभोवती पोरांची गर्दी होती, आणि खरं सांगायचं तर समोर उभं राहून मला एवढं बोलताच आलं नसतं. म्हणून लिहितोय. आणि सगळ्यांसमोर लिहितोय कारण जे बोललं गेलं ते पण सगळ्यांसमोरच बोललं गेलं होतं.

बाहेरच्या लोकांना वाटतंय कोल्हापूर म्हणजे कुस्ती आणि तांबडा-पांढरा. पण इथं फुटबॉल म्हणजे पेठेचा जीव आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, जुना बुधवार, फुलेवाडी, संघांची नुसती नावं घेतली तरी दोन गट पडतात. यातल्या कितीतरींच्या पूर्ण नावांत तालीम आहे, कारण मूळ त्या कुस्तीच्याच तालमी, लाल मातीतनं उठून पोरं फुटबॉलच्या मैदानात गेली. केएसए म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगचे १६ संघ, शाहू स्टेडियम, आणि मोठ्या मॅचला दुपारीच शटर ओढून स्टेडियम गाठणारे दुकानदार. २०१७ ला १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपला आपला अनिकेत जाधव भारताकडनं खेळला तेव्हापासनं तर प्रत्येक गल्लीतल्या आईबापाला वाटायला लागलं की आपलं पोरगं पण जाऊ शकतंय.

पण मॅच बघायला सगळेच येतात. कॅम्प बघायला येतो तो खरा माणूस, असं आमच्यात म्हणतात. पाऊस उघडला, खेळाडूंची नोंदणी झाली, कोण कुठल्या तालमीत गेला कोण राहिला हे एकदा कळलं की दसऱ्यानंतर सकाळचा सराव चालू होतो आणि आमची दहा-बाराजणांची बैठक कठड्यावर बसते. त्यात रिटायर झालेले दोन मामा, एक दूधवाले काका जे रतीब घालून थेट तिथंच येतात, कॉलेजची तीन-चार पोरं, आणि मी. लीग चालू व्हायच्या आधीच आमची लीग चालू असते. डाव्या विंगरनं गणपतीत किती किलो वाढवलं, नवीन आलेला फुलबॅक उजव्या पायाचा आहे मग डावीकडं कशाला खेळवतात, जुना स्टॉपर (मधला बचावपटू) आता वळताना वेळ घेतोय त्याला बसवून पोरग्याला चान्स द्यावा का, परदेशी फॉरवर्ड हेडिंगला भारी पण पायात बॉल आला की घाबरतोय का. सगळ्या खेळाडूंचा हिशोब तिथं मांडला जातो. प्रेमापोटीच असतंय ते, पण जिभेला हाड नसतंय हे पण खरं आहे.

पहिल्या आठवड्यात तुम्ही आला, प्लॅस्टिकचे कोन मांडले, पोरांना झोपवून काय काय करून घ्यायला लागला, तेव्हा कठड्यावर कुणालाच ते पटलं नव्हतं. बॉल कुठं आहे, हाच प्रश्न. वीस मिनिटं झाली तरी बॉल नाही. मामा म्हणाले ही काय शाळेतली कवायत आहे का. नंतर तुम्हीच सांगितलं की ते फिफानं तयार करून घेतलेलं ११ प्लस आहे, १५ व्यायाम, आधी ८ मिनिटं पळणं, मग १० मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी २ मिनिटं जोरात पळणं. गुडघ्यावर बसून जोडीदारानं टाचा धरायच्या आणि सावकाश पुढं पडत जायचं, तो व्यायाम नियमित केला तर हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्यानं कमी होतात. निम्म्यानं! आमच्या टीमची गेल्या तीन सीझनमधली हॅमस्ट्रिंगची यादी कठड्यावर कुणालाही तोंडपाठ आहे, त्यामुळं ते ऐकल्यावर सगळे जरा गप्प झाले.

आणि ती यो-यो टेस्ट. ती आम्ही कोणी विसरणार नाही. २० मीटर जायचं, २० मीटर यायचं, १० सेकंद दम घ्यायचा, बीप वाजली की परत, आणि बीप जवळ जवळ येत जातंय. कठड्यावरनं आम्ही आकडे मोजत होतो, शेवटी शेवटी तर सगळे उभे राहून ओरडत होते जसं काय फायनलच चालू आहे. ज्या विंगरला आम्ही सगळ्यात तयारीचा समजत होतो तो मधेच बसला, आणि ज्याला म्हातारा झाला म्हणून बसवायला निघालो होतो तो जुना स्टॉपर शेवटच्या तिघांत राहिला. त्याला उलटी आली पण लाईनवर पाय टेकूनच थांबला. त्या दिवसापासनं त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढलेला मी ऐकला नाही. वळायला वेळ लागतोय हे आजही बोलतात, पण आता त्यात माया असते.

आता खरं जे लिहायचं होतं ते.

माझा भाऊ. जानेवारीत मॅचमध्ये बॉल आडवायला वळला आणि पाय जमिनीत रुतून राहिला, वरचं अंग फिरलं. सूज उतरायला आणि पैशाची जुळणी व्हायला वेळ गेला, गुडघ्याचं ऑपरेशन मार्चच्या पहिल्या आठवड्यात झालं. कॅम्प चालू झाला तेव्हा सात महिने झाले होते. चालायला बघितलं तर एकदम ठणठणीत. आणि तुम्ही त्याला बाकीच्या पोरांपासनं लांब, कडेच्या लाईनवर एकटा पळवत होता. बॉलला पाय लावायचा पण समोर माणूस नको, टॅकल नको, टू-साईड मॅच नको.

कठड्यावर काय काय बोललं गेलं ते तुम्ही ऐकलं असेलच. "नाटकं करतंय ते." "गुडघा बरा झालाय, काळीज बरं झालेलं नाही." पुढं पुढं तर दुसऱ्या तालमीनं उचललाय म्हणून मुद्दाम बसलाय इथपर्यंत गेलं. मी तिथंच बसलेलो असायचो. माझ्याकडं बघून कुणी आवाज कमी करायचं, कुणी करायचं पण नाही. आणि मॅडम, मी पण घरी जाऊन त्याला विचारायचो, अरे दुखत नाही ना, मग एकदा खेळून तर बघ, लोक काय म्हणत्यात ते कळतंय का तुला. रात्री जेवताना विचारायचो. तो ताट अर्धं सोडून उठायचा. आईनं दोनदा मला बाहेर बोलावून सांगितलं की गप्प बस म्हणून. मी बसलो नाही.

मग तो गुरुवार आला. सराव संपल्यावर तुम्ही पाण्याची बाटली घेऊन सरळ कठड्यावर चढून आलात आणि आमच्यात बसलात. कोचनी पाठवलं नव्हतं, मंडळानं सांगितलं नव्हतं, मी नंतर विचारून खात्री करून घेतली. पाऊण तास बसला होता तुम्ही. दूधवाले काकांच्या हातातली छत्री घेतली, तिची काडी दाखवून समजावलं की गुडघ्याच्या आतली दोरी, म्हणजे लिगामेंट, तुटली की ती शिवून भागत नाही, शरीरातलाच दुसरा पट्टा काढून तिथं बसवतात. आणि तो बसवलेला पट्टा आधी आतनं मरतो, मग त्यात परत रक्त खेळायला लागतं आणि हळूहळू त्याची दोरी होते. दोन-तीन महिन्यांच्या सुमाराला तो सगळ्यात कच्चा असतो, आणि नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते, दुखायचं थांबलेलं असतं, पोराला वाटतं झालो मी बरा. नॉर्वेतल्या २०१६ च्या अभ्यासाचं सांगितलं, ९ महिन्यांपर्यंत जितके महिने थांबलं तितका प्रत्येक महिन्याला परत दुखापत व्हायचा धोका जवळपास निम्म्यानं खाली येतो. मामांनी लगेच बोटावर हिशोब केला, मार्च ते डिसेंबर. मग तुम्ही म्हणाला, ९ महिने झाले म्हणून पण लगेच नाही, एका पायावर उडी मारून बघायची, ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के गेला पाहिजे.

तुम्ही कुणाला बोल लावला नाही. तुमच्या बोलण्याने पोराचं नुकसान होतंय असं पण म्हटलं नाही. फक्त म्हणाला, तो तुमचं सगळं ऐकतो, वाऱ्याची दिशा तिकडंच असते. एवढंच. त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

आणि मग सगळे उतरायला लागलो. मी नेहमीसारखा आडवा होऊन, उजवा पाय आधी खाली सोडून उतरलो, आणि मागनं तुमचा आवाज आला, "डावा गुडघा ना? किती वर्षं झाली?"

मॅडम, मला पंधरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. घरच्यांनी नाही, डॉक्टरनी नाही. २००९ ला मी १७ वर्षांचा होतो, ज्युनियरला खेळायचो, सरावात असाच वळलो आणि आतनं कट्ट असा आवाज आला. एका माणसाकडं नेऊन चोळून घेतलं, विटेचा शेक घेतला, पंधरा दिवसांनी पळायला लावलं. पहिल्याच आठवड्यात गुडघा परत निसटला. मग अजून दोनदा. मग मीच बूट ठेवून दिले आणि सगळ्यांना सांगितलं की अभ्यासाचं बघायचंय. एमआरआय हा शब्द तेव्हा आमच्या घरात कुणाला माहीत नव्हता. पोरगं भित्रं निघालं असं तेव्हा पण कठड्यावर बोललं गेलं होतं, आणि मला वाटतं मी ते खरंच धरून बसलो होतो इतकी वर्षं. तुम्ही त्या दिवशी मैदानात चटईवर झोपवून पाय हातात घेऊन दोन मिनिटात सांगितलं की तुमची दोरी शिल्लकच नाहीये बहुतेक. नंतर एमआरआय केला तर तेच निघालं. घरी येऊन मी भावाच्या खोलीत गेलो आणि त्याला फक्त रिपोर्ट दाखवला. त्यानं वाचला, आणि म्हणाला, "मग तू भित्रा नव्हतास." मी बाहेर येऊन गॅलरीत उभा राहिलो बराच वेळ.

त्या गुरुवारनंतर कठड्यावरचं बोलणं बदललं ते मला लिहायचंच आहे कारण तुम्ही ते ऐकायला परत वर आला नाहीत. वाद कमी झाले असं नाही, उलट जास्त झाले, पण आता वाद असतो की उजव्या बॅकचा लँडिंगला गुडघा आत पडतोय का, गोलकीपर सरावाआधी आणि नंतर वजन करतोय का नाही, ऑक्टोबरच्या उन्हात कुणाचं किती पाणी गेलं. कॉलेजची पोरं मोबाईलवर व्हिडिओ काढून स्लो करून बघतात. दूधवाले काका सरावानंतर पोरांना म्हशीचं दूध पाजायला लागलेत, तुम्ही अर्ध्या तासात काहीतरी पोटात गेलं पाहिजे म्हणाला होता ना, केळी मामा आणतात. परदेशी फॉरवर्डला पहिल्या दिवशी ते दूध जड गेलं, आता तोच कॅन घेऊन उभा असतो. भाऊ कडेच्या लाईनवर एकटा पळायचा तर शेवटच्या दोन आठवड्यांत कठड्यावरची दोन पोरं उतरून त्याच्याबरोबर पळायला लागली, सोबत म्हणून.

परवाच्या शनिवारी तुम्ही उडीची टेस्ट घेतली तेव्हा आम्ही सगळे श्वास धरून होतो. एका पायावर तीन उड्या, टेप लावून मोजलं. ८६ टक्के आलं. म्हणजे पहिल्या मॅचला नाही. भावानं वर कठड्याकडं बघितलं, मला पोटात गोळा आला की आता कोण काय बोलतंय. सगळ्यात मोठे मामा, ज्यांनी नाटकं करतंय असं सगळ्यात आधी म्हटलं होतं, तेच उठून ओरडले, "चारच उरल्यात की रं, आणू!"

तो हसला. जानेवारीनंतर मैदानात हसलेला मी पहिल्यांदा बघितला.

तुम्ही रोज पाच वाजता उठून, आधी आमचा सराव आणि मग स्वतःचं क्लिनिक असं दीड महिना केलं, आणि मंडळानं पाकीट दिलं तर त्यातनं पोरांसाठी रबर बँड आणि फोम रोलर घेऊन आलात. याचा हिशोब आमच्याकडनं फिटणार नाही, आम्ही फेडतो असं पण म्हणत नाही. माझ्या पायाचं तुम्ही दिलेलं मांडीचं सगळं करतोय, दिवसातनं दोनदा, आणि आता कठड्यावरनं सरळ उतरायला येतंय.

पहिल्या मॅचला या. पहिली अकरा बाहेर येताना भाऊ त्यात नसेल, तो ट्रॅकसूटमध्ये बेंचवर असेल, पण आम्ही तुमच्यासाठी जागा धरतोय, आई पण यायची म्हणते, ती आजपर्यंत एकदाही स्टेडियमवर आलेली नाही. आणि तुमचा निळा बँड आमच्याकडंच राहिलाय, खिडकीच्या गजाला बांधलेला आहे, सकाळी भाऊ वापरतो आणि रात्री मी. तेवढा अजून काही दिवस राहू दे.