किल्टमधला नायक आणि हरलेली लढाई

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्कॉटिश नायकांच्या ऐतिहासिक प्रणयकादंबऱ्यांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. लेखाचा सूर थट्टेचा होता आणि थट्टेला तेथे भरपूर जागा आहे, हे मी नाकारत नाही. उघड्या छातीचा, किल्ट म्हणजे गुडघ्यापर्यंतचा स्कॉटिश घागरा नेसलेला पुरुष, वाऱ्यावर उडणारे त्याचे केस आणि मागे धुक्यातला किल्ला, असे मुखपृष्ठ दिसले की आमच्या वाचनालयातले ग्रंथपाल पुस्तक पालथे ठेवून त्यावर तारखेचा शिक्का मारत असत आणि मीही ते तसेच पालथे उचलून पिशवीत टाकत असे. परंतु बँकेतल्या नोकरीच्या काळात लोकलच्या प्रवासात अशी शेकडो पुस्तके वाचलेली एक वाचक म्हणून मला लेखाचा निष्कर्ष मान्य नाही. या पुस्तकांकडे बायका केवळ पिळदार दंडांसाठी वळतात, असे लेखकाला वाटते. पिळदार दंड कोणत्याही देशात सापडतात. मग लेखिका पुन्हा पुन्हा स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या त्या डोंगराळ, पावसाळी आणि नापीक मुलखातच का जातात, याचे उत्तर लेखात कोठेच नाही.

माझ्या मते या नायकाची ओढ त्याच्या बळामुळे वाटत नाही. त्याच्यावर जो पराभव येणार आहे, त्यामुळे वाटते. या जातीच्या बहुतेक चांगल्या कादंबऱ्या १७४५ सालच्या जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या समर्थकांच्या, उठावाच्या आगेमागे घडतात. त्या घराण्याचा राजपुत्र चार्ल्स याने १९ ऑगस्ट १७४५ रोजी ग्लेनफिनन येथे निशाण उभारले, डिसेंबरात त्याची फौज लंडनपासून जेमतेम दोनशे किलोमीटरवरच्या डर्बीपर्यंत पोहोचली आणि तेथून परत फिरली. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर सरकारी फौजेपुढे तासाभराच्या आत सारे संपले. त्यानंतर हायलँडमधली, म्हणजे त्या डोंगराळ उत्तर मुलखातली, शस्त्रे काढून घेण्यात आली, कुळप्रमुखांचे न्यायनिवाड्याचे वंशपरंपरागत हक्क रद्द झाले आणि ऑगस्ट १७४७ पासून तब्बल पस्तीस वर्षे तिथल्या पुरुषांना स्वतःचा पोशाख घालण्याचीही कायद्याने बंदी झाली. पहिले पान उघडताना वाचणारीला हे सगळे ठाऊक असते आणि नायकाला त्यातले काहीच ठाऊक नसते. त्याने मुलासाठी घोडा निवडला किंवा किल्ल्याची पडकी भिंत बांधायला घेतली, तरी आपल्या घशात आवंढा येतो. पानिपताच्या स्वारीवर निघालेल्या लष्कराचे वर्णन वाचताना मराठी वाचकाची जी अवस्था होते, तीच ही.

ही क्लृप्ती आजच्या लेखिकांची नव्हे. स्कॉटिश कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने १८१४ साली आपले नाव न घालता 'वेव्हर्ली' ही कादंबरी प्रसिद्ध केली, तिच्या उपशीर्षकातच ही साठ वर्षांपूर्वीची गोष्ट असल्याचे सांगितले होते. एक तरुण इंग्रज अधिकारी हायलँडमध्ये जातो आणि त्या उठावात ओढला जातो, हा तिचा सांगाडा. १९९१ साली आलेल्या 'आउटलँडर'मध्ये त्या तरुणाच्या जागी विसाव्या शतकातली इंग्रज परिचारिका आली. परक्याच्या डोळ्यांनी बुडत्या जगाकडे पाहायचे, ही रीत मात्र तीच राहिली.

लेखकाने ज्याची सर्वांत अधिक टिंगल केली, ते नायकाचे 'दिला शब्द पाळणे', ते तर मला या कादंबऱ्यांतले सर्वांत कमी काल्पनिक अंग वाटते. कुळाला तिथे क्लॅन म्हणतात आणि या शब्दाचा गेलिक भाषेतला अर्थच मुळी लेकरे असा आहे. कुळप्रमुख हा त्या अर्थाने सर्वांचा बाप, आणि बापाने लेकरांना उपाशी ठेवायचे नाही, ही अपेक्षा. चार्ल्सला पकडून देणाऱ्याला सरकारने उठावाच्या आरंभीच तीस हजार पौंडांचे बक्षीस लावले होते. कलोडननंतर तो पाच महिने डोंगरांत आणि बेटांवर लपत फिरला, ज्यांच्या घरात उद्याच्या जेवणाची शाश्वती नव्हती अशा माणसांनी त्याला आसरा दिला आणि त्यांतल्या एकानेही ते पैसे घेतले नाहीत. (हा राजपुत्र पुढे परदेशात दारूत बुडाला आणि १७८८ साली रोममध्ये वारला. लेखिका त्याला नायक न करता एखाद्या आडबाजूच्या खोऱ्यातला छोटा प्रमुख निवडतात, यातच त्यांची जाण दिसते.)

आणि शब्द मोडला म्हणजे काय होते, याचे उदाहरणही त्याच मुलखात आहे. फेब्रुवारी १६९२ मध्ये ग्लेनको येथील मॅकडोनल्ड कुळाच्या घरांत सरकारी सैनिक सुमारे पंधरवडाभर पाहुणे म्हणून राहिले. त्यांचा कप्तान रॉबर्ट कॅम्पबेल याची सख्खी भाची त्या कुळप्रमुखाच्या धाकट्या मुलाची बायको होती. १३ तारखेच्या पहाटे वरून आलेल्या हुकुमानुसार त्याच पाहुण्यांनी यजमानांना मारले. अडतीसेक माणसे मारली गेली आणि बर्फात पळालेल्यांपैकी आणखी कितीतरी थंडीने गेली. स्कॉटलंडच्या कायद्यात विश्वासात घेऊन केलेल्या खुनाला साध्या खुनाहून भयंकर गुन्हा मानलेले होते. ज्या समाजाला असा वेगळा गुन्हा नोंदवावा लागला, त्या समाजात कादंबरीतल्या पुरुषाने 'माझ्या छपराखाली तुला भय नाही' असे म्हणणे हा पल्लेदार संवाद नसून त्याने स्वतःच्या जिवावर घेतलेली जोखीम असते.

आता नायिकेविषयी, कारण लेखात तिचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे. दोन वैरी कुळांचा तंटा मिटावा म्हणून तिचे लग्न लावले जाते आणि ती परक्या किल्ल्यात येते. तेथली भाषा तिला येत नाही, मुदपाकखान्यातली म्हातारी तिला सरळ उत्तर देत नाही, कोठाराच्या किल्ल्या कोणाकडे आहेत हेही कोणी सांगत नाही, आणि घरातल्या बायकांच्या लेखी ती शत्रूची मुलगी असते. संपादक महाशय, माझ्या पिढीतल्या मराठी बाईला यात परदेशी असे काय वाटणार? शय्यागृहातली प्रकरणे मी आणि माझ्या कितीतरी मैत्रिणी भराभर उलटत असू. पण त्या किल्ल्या तिच्या हाती कधी येतात, हे कळेपर्यंत पुस्तक खाली ठेवत नसू.

शिवाय स्कॉटलंडच्या कायद्याने कथालेखिकांची मोठीच सोय करून ठेवली आहे. तेथे दोघांनी परस्परांना 'मी तुझा, मी तुझी' असे म्हटले की धर्मगुरू, साक्षीदार किंवा आईबापांची संमती यांवाचूनही विवाह वैध ठरत असे, आणि ही तरतूद १९४० पर्यंत चालू होती. इंग्लंडमध्ये १७५४ पासून विवाहाचे नियम कडक झाले, तेव्हा तिथली प्रेमी जोडपी सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीन गावाकडे पळू लागली, ती यामुळेच. स्कॉटिश स्त्रिया लग्नानंतर माहेरचे आडनाव ठेवीत. नवऱ्याने व्यभिचार केला किंवा टाकून दिले, तर घटस्फोट मागण्याचा हक्क त्यांना सोळाव्या शतकापासून होता. इंग्लंडमध्ये १८५७ पर्यंत त्यासाठी पार्लमेंटकडून खास कायदा करून घ्यावा लागे. सीमेच्या उत्तरेला गेलेली इंग्रज नायिका अचानक धीट झालेली दिसते, त्याला निव्वळ डोंगरची हवा कारण नाही.

धिटाईचेच म्हणाल, तर खऱ्या इतिहासात लेडी अ‍ॅन मॅकिंटॉश आहे. तिचा नवरा सरकारी फौजेत कप्तान असताना विशीतल्या या बाईने त्याच्याच कुळाची माणसे राजपुत्रासाठी उभी केली. पुढे तो कैद झाला आणि बायकोच्याच ताब्यात दिला गेला. तिने त्याला 'कप्तान' म्हणून आणि त्याने तिला 'कर्नल' म्हणून अभिवादन केले, असे परंपरेने सांगतात. एखाद्या कादंबरीत हे आले असते, तर आपल्या लेखकांनी त्यालाही अतिरंजित म्हटले असते.

त्यांच्या दोन आक्षेपांशी मात्र मी सहमत आहे. चौदाव्या शतकातल्या नायकाला घडीदार किल्ट नेसवणे चूकच आहे. अंगभर गुंडाळायचे लांब वस्त्रसुद्धा सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागते, आणि प्रत्येक कुळाचा ठरलेला टार्टन, म्हणजे चौकडीच्या कापडाचा नमुना, ही कल्पना तर १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, तेव्हाच्या थाटामाटातून फोफावली. तो सोहळाही स्कॉटनेच बसवला होता. दुसरे म्हणजे हातांना दोरा बांधून एक वर्ष आणि एक दिवस लग्न करून पाहण्याची प्रथा. तिला आधार नाही. स्कॉटच्याच १८२० सालच्या एका कादंबरीने ती लोकांच्या डोक्यात घट्ट बसवली. म्हणजे आज ज्याला आपण हायलँडचा इतिहास म्हणून हसतो, त्यातला बराचसा भाग कादंबऱ्यांनीच कादंबऱ्यांना पुरवला आहे.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे आणि ती लेखकाला सुचलीच नाही. या कथा बहुधा पाळण्यापाशी थांबतात. त्या पाळण्यातल्या बाळाने पुढे काय केले? कुळप्रमुखांची मुले आणि नातू हळूहळू नुसते जमीनदार झाले आणि मेंढ्यांच्या कुरणांच्या भाड्यातून अधिक पैसे मिळू लागताच त्यांनी आपल्या 'लेकरांना' खोऱ्यांतून हुसकावले. सदरलँडमधल्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात १८१४ साली घरांची लाकडे पेटवून देण्यात आली. त्याबद्दल पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६ साली खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. उठावाला साथ दिल्याबद्दल सरकारने लंडनमध्ये ज्याचे मुंडके उडवले, त्या कुळप्रमुख लॉर्ड लोव्हॅटच्या मुलाने दहा वर्षांनी, १७५७ साली, त्याच सरकारच्या राजासाठी पलटण उभारली. बंदीच्या काळात किल्ट कायदेशीरपणे घालता येई तो फक्त सैन्यात, हेही येथे लक्षात ठेवावे. पुढे अशाच हायलँडर पलटणींपैकी ७४वी आणि ७८वी या दोन २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई येथे शिंदे आणि भोसले यांच्या फौजेवर चालून आल्या. ७४व्या पलटणीची तेथे अक्षरशः चाळण झाली. आपल्या मातीत पुरलेली ती पोरे कलोडनला हरलेल्यांच्या नातवंडांच्या वयाची होती, आणि एवढ्या कादंबऱ्या वाचूनही त्यांच्यापैकी एकही माझ्या वाचनात नायक म्हणून आलेला नाही.

म्हणून एक विनंती आहे. आपल्या पुरवणीत या प्रकारच्या पुस्तकांवर यापुढे लिहून येईल, तेव्हा सरसकट मुखपृष्ठांवर न लिहिता एकेक पुस्तक हाती घ्यावे. कथा कोणत्या सालची आहे, लेखिकेला कुळ आणि जमीन यांचे नाते कळले आहे का आणि तिने कोठे हात राखला आहे, हे परीक्षकाने सांगावे. माझ्या यादीतली सहा-सात पुस्तके मी आनंदाने वाचायला पाठवीन. मुखपृष्ठांना तपकिरी कागदाची कव्हरे घातलेली आहेत.

कळावे,
आपली नियमित वाचक,
पुणे