सुळक्यांवर बोल्ट बदलणाऱ्यांचे आभार

धबधब्यांवरचं रॅपलिंग (दोरावरून उतरणं) संपलं आणि हिवाळी शिबिरांना अजून अवकाश असला, की सह्याद्रीतले बरेच प्रशिक्षक आपापले दोर घेऊन तैलबैला, नागफणीसारखे कातळकडे गाठतात. त्यांच्या आधी तिथे जाऊन दोर अडकवायला कातळात ठोकलेल्या गंजक्या मेखांच्या जागी नवे बोल्ट बसवणाऱ्या, नाव न सांगणाऱ्या मंडळींचे मनापासून आभार.

काम किचकट. आधी हातोडीने कातळ वाजवून पाहायचा. खणखणीत वाजला तर ठीक, भद्द वाजला तर जागा बदलायची. १० मिमीच्या बोल्टला १० मिमीचंच भोक, तेही कातळाशी काटकोनात. मग ब्रश आणि फुंकणी आलटूनपालटून, भुकटी येईनाशी होईपर्यंत. हाच टप्पा लोक उरकतात. भुकटी आत राहिली की पाना फिरवताना अख्खा बोल्टच गरगरतो, घट्ट बसत नाही.

बोल्ट स्टेनलेसचा आणि हँगर (बोल्टवर बसणारी, दोर अडकवायची पट्टी) जस्ताच्या मुलाम्याचा, ही काटकसर अंगाशी येते. दोन धातू ओलाव्यात एकत्र आले की मुलाम्याचा हँगर लवकर गंजतो, आणि आपल्याकडे ओलावा चार महिने! तुम्ही दोन्ही एकाच धातूचे वापरलेत, उतरायच्या जागी दोन-दोन बोल्ट ठेवलेत. खर्च अर्थात पदरचा.

आग्यामोहोळ कुठे लागलंय ते पायथ्यालाच दाखवणाऱ्या, विडी विझवायला लावणाऱ्या गावकऱ्यांचेही आभार. आणि उतरताना कुणी टोकावरून निसटू नये म्हणून दोराच्या दोन्ही टोकांना गाठी मारल्यात का, असं वरून ओरडून विचारणाऱ्या अनोळखी गड्यांचेही.