मोजमापाच्या शिस्तीबद्दल जाहीर आभार

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. आमच्या शिसेविरहित पेरोव्हस्काइट (एका विशिष्ट स्फटिकरचनेचे पदार्थ) नॅनोस्फटिकांच्या, म्हणजे काही नॅनोमीटर आकाराच्या प्रकाश देणाऱ्या कणांच्या कामात वर्णपट (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती, याचा आलेख) मोजण्याची बाजू आपण सांभाळलीत. शोधनिबंधाच्या शेवटी त्याचा उल्लेख एका ओळीत होईल, पण त्या ओळीत आपल्या मदतीचे खरे स्वरूप कोणाला कळायचे नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

सिझियम लेड ब्रोमाइडसारखी शिसेयुक्त नॅनोस्फटिके लख्ख प्रकाशतात, पण शिशाच्या विषारीपणामुळे त्यांना पर्याय शोधावा लागतो. दोन शिसे-आयनांच्या जागी एक चांदीचा आणि एक इंडियमचा आयन बसवला, की विद्युतभाराचा हिशेब जुळतो आणि सिझियम, चांदी, इंडियम व क्लोरीन यांचे दुहेरी पेरोव्हस्काइट तयार होते. त्याचा बँड गॅप (इलेक्ट्रॉनच्या दोन ऊर्जापट्ट्यांमधले अंतर) प्रकाशाला सोयीचा, म्हणजे थेट असूनही पॅरिटीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अवस्थांच्या सममितीच्या, नियमामुळे इलेक्ट्रॉनचे संक्रमण निषिद्ध ठरते आणि पदार्थ जेमतेम उजळतो. चांदीच्या काही जागी सोडियम घातल्यास ही अडचण बरीच सैल होते आणि बिस्मथचा अंश मिसळल्यास प्रकाश आणखी वाढतो. ‘नेचर’मध्ये 2018 साली प्रसिद्ध झालेल्या कामात चांदीच्या 40 टक्के जागी सोडियम आणि सोबत 0.04 टक्के बिस्मथ घेऊन उबदार पांढऱ्या प्रकाशाची सुमारे 86 टक्के क्वांटम कार्यक्षमता (शोषलेल्या दर शंभर प्रकाशकणांमागे बाहेर पडणारे प्रकाशकण) मिळवली होती. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला हे आकडे तोंडपाठ असतात आणि तेच प्रमाण नॅनोस्फटिकांतही चालेल, असे गृहीत धरण्याचा मोह होतो.

आपण मात्र पहिल्याच बैठकीत कागद पुढे ओढून हिशेब मांडलात. 10 नॅनोमीटर बाजूचा घनाकृती कण घेतला आणि एकक कोशाची (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या मूळ ठोकळ्याची) बाजू साधारण 1.05 नॅनोमीटर धरली, तर कणात साडेआठशेच्या आसपास कोश बसतात. बिस्मथ इंडियमच्या जागी बसते; प्रत्येक कोशात इंडियमच्या चार जागा, म्हणजे एकूण सुमारे 3,400. त्यांच्या 0.04 टक्के म्हणजे कणामागे सरासरी एक-दीड बिस्मथ. वाटणी निव्वळ योगायोगाने झाली, तर जवळजवळ चौथा हिस्सा कणांच्या वाट्याला एकही बिस्मथ यायचा नाही. भुकटीच्या मोठ्या दाण्यात ऊर्जा इकडेतिकडे सरकून बिस्मथपर्यंत पोहोचण्याची शक्यता तरी असते, पण बिस्मथ नसलेल्या सुट्या कणाला तोही मार्ग नाही. बिस्मथ वाढवावे, तर एका मर्यादेनंतर प्रकाश उलट विझू लागतो. नॅनोस्फटिकांसाठी प्रमाण नव्याने शोधावे लागेल, हे त्या पाच-सहा ओळींत जितके स्पष्ट झाले, तितके कोणत्याही आढावा-लेखातून झाले नव्हते. त्याच ओघात, द्रावणात घातलेले आणि स्फटिकात प्रत्यक्ष शिरलेले बिस्मथ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे सांगून नमुने नीट धुऊन, आम्लात विरघळवून मूलद्रव्यांचे विश्लेषण करून घेण्याचा आग्रह आपण धरलात. कणांच्या पृष्ठभागाला चिकटलेले बिस्मथही त्या विश्लेषणात मोजले जाते, त्यामुळे धुण्यावर आपला इतका भर का होता, हे निकाल वाचताना ध्यानात आले.

मँगेनीज मिसळलेल्या नमुन्यांच्या वेळची आपली खबरदारी तर सर्वांना कळावी अशी आहे. उद्दीपनासाठी, म्हणजे नमुना उजळवण्यासाठी, 310 नॅनोमीटरचा प्रकाश वापरला, तर ग्रेटिंगच्या (तरंगलांब्या वेगळ्या करणाऱ्या रेघांच्या पट्टीच्या) दुसऱ्या क्रमामुळे त्याची छाया 620 नॅनोमीटरवर पडते, आणि मँगेनीजचा नारिंगी-तांबडा पट्टाही नेमका त्याच परिसरात असतो. आपण मोजणी सुरू होण्याआधीच उत्सर्जनाच्या वाटेत लाँग-पास फिल्टर (आखूड तरंगलांबीचा प्रकाश अडवणारी काच) सरकवलात. शिवाय यजमान स्फटिकाचे, म्हणजे मँगेनीज ज्यात मिसळले त्याचे, स्वतःचे रुंद उत्सर्जनही त्याच भागात येत असल्याने केवळ रंगावरून श्रेय मँगेनीजला देता येत नाही. तिथे आपण क्षयकाळ, म्हणजे प्रकाश ओसरायला लागणारा वेळ, मोजायला लावलात. स्फटिकाच्या जाळीत स्वतःच अडकलेल्या एक्सायटॉनचा (इलेक्ट्रॉन आणि त्याने सोडलेली रिकामी जागा यांच्या जोडीचा) प्रकाश मायक्रोसेकंदांच्या पातळीवर ओसरतो, तर मँगेनीजचे संक्रमण स्पिन-निषिद्ध (इलेक्ट्रॉनच्या स्पिनच्या नियमाने रोखलेले) असल्याने त्याचा प्रकाश मिलिसेकंदांच्या पातळीवर रेंगाळतो. दोन्ही घटक एकाच आलेखात वेगळे दिसल्यावर वादाला जागा उरली नाही.

इटर्बियम मिसळलेल्या नमुन्यांबद्दल थोडक्यात लिहितो. त्याचे उत्सर्जन 1000 नॅनोमीटरच्या जवळ, म्हणजे डोळ्याला आणि नेहमीच्या फोटोमल्टिप्लायर या प्रकाशमापकालाही न दिसणारे. इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा डिटेक्टर मिळवण्यासाठी आपण दुसऱ्या गटाशी स्वतः बोललात, त्यांच्या वेळापत्रकात आम्हाला जागा करून दिलीत आणि वर त्याचे श्रेय त्या गटालाच द्यायला सांगितलेत. ते दिले आहे. आपलेही देत आहे, आणि याबाबतीत मात्र आपले ऐकणार नाही.

क्वांटम कार्यक्षमतेचा एकच आकडा छापण्याऐवजी इंटिग्रेटिंग स्फिअरमधील (सर्व दिशांचा प्रकाश गोळा करणाऱ्या पोकळ गोलातील) नमुन्याचे आणि कोऱ्या द्रावणाचे दोन्ही वर्णपट जोडावेत, ही आपली सूचनाही आम्ही मान्य केली असून ते आलेख पुरवणीत घातले आहेत. पुढचे नमुने सोडियम-इंडियम क्लोराइडमध्ये अँटिमनी घातलेले, निळा प्रकाश देणारे आहेत. त्यांचे विश्लेषण हाती आले की उद्दीपन-वर्णपटासाठी आपली वेळ मागणार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
नॅनोस्फटिकांवर काम करणारा एक संशोधक विद्यार्थी