मित्रास पत्र: रोमची एक सकाळ, काराव्हाज्जोसाठी

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. रोमला चार दिवस मिळतायत हे वाचून फार बरं वाटलं. कोलोसियम आणि व्हॅटिकनची तिकिटं आधीच काढ, बाकी ते तू बघशीलच. माझा हट्ट आहे एका सकाळीसाठी. काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराने काही चित्रं ज्या चर्चसाठी रंगवली, त्याच चर्चच्या भिंतींवर ती आजही आहेत, आणि बघायला तिकीट नाही.

खिशात एक युरोची आणि पन्नास सेंटची नाणी भरपूर ठेव. चॅपलं, म्हणजे चर्चच्या आतले छोटे प्रार्थनेचे कोनाडे, अंधारी असतात. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळात विझतो. खांदे-गुडघे झाकलेले हवेत.

मेट्रोने फ्लामिनिओला उतर. वेशीतून आत शिरलं की डाव्या हाताला सांता मारिया देल पोपोलो हे चर्च. वेदीच्या डावीकडच्या चॅपलमध्ये १६००-०१ मधली दोन चित्रं आहेत. त्यातल्या संत पॉलच्या चित्रात घोडाच जास्त जागा खातो, संत खाली आडवा पडलेला.

तिथून व्हिया दी रिपेत्ताने सरळ चालत सान लुईजी देई फ्रांचेझी हे दुसरं चर्च. डावीकडचं पाचवं चॅपल. इथे नाणं टाकायची घाई करू नकोस. आधी वेदीवरची खिडकी बघ, मग डाव्या भिंतीवरचं येशू मॅथ्यूला शिष्य व्हायला बोलावतो ते चित्र. चित्रातला उजेड उजवीकडून, म्हणजे त्या खिडकीच्याच बाजूने येतो. चित्रातही एक खिडकी आहे, पण तिच्यातून उजेड येत नाही! टेबलाच्या टोकाचा पोरगा मान खाली घालून पैसेच मोजतोय. समोरच्या भिंतीवरच्या चित्रात उजेड डावीकडून. हे जुळवून बघितलंस की मग दिवा लाव. जवळच सांत'अगोस्तिनो चर्चमध्ये, डावीकडच्या पहिल्या चॅपलमध्ये, गुडघे टेकलेल्या यात्रेकरूचे मळके तळपाय थेट तुझ्या डोळ्यांसमोर येतील.

ही चर्चं बहुतेक दुपारी साडेबाराच्या आसपास बंद होतात आणि दुपार सरल्यावर पुन्हा उघडतात. उशिरा निघालास तर सगळा बेत फसतो, म्हणून पोपोलोपासून नऊच्या सुमारास सुरुवात कर.

जेवणाचं. काचो ए पेपे या रोमच्या पास्त्यामध्ये नुसतं पेकोरिनो चीज, मिरी आणि पास्ता उकळलेलं पाणी. चीज फार तापलं तर गुठळ्या होतात. चांगल्या हाताचा रस्सा गुळगुळीत असतो, त्यात क्रीम लागत नाही. पण तू कडक शाकाहारी, म्हणून सांगतो: पेकोरिनो रोमानोचं दूध कोकराच्या जठरातल्या रेनेटने फाडतात. त्यापेक्षा मरिनारा पिझ्झा घे: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीज नाहीच. थंडी सरताना किंवा वसंतात गेलास तर जुन्या ज्यू वस्तीत अख्खं तळलेलं आर्टिचोक (मोठ्या कळीसारखी भाजी) खा, बाहेरच्या पाकळ्या कुरकुरीत, गाभा लोण्यासारखा.

कॉफी काउंटरपाशी उभ्यानेच पी, टेबलावर बसलास की दर वाढतो. गर्दीच्या ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची आणि ती काउंटरवर द्यायची. पाणी विकत घेऊ नकोस. रस्त्यातल्या लोखंडी नळांचं पाणी पिण्याचं आहे. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून धार उडते, ओंजळही लागत नाही.

तुझा,
अविनाश