दोन आठवडे बसायचं नाही म्हणे

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत फॅट ट्रान्सफरवर अख्खं पान होतं. पोटावरची चरबी काढून गालात भरा, कुल्ल्यात भरा, आपलीच चरबी आहे म्हणून शरीर नाकारत नाही वगैरे वगैरे. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलेलं होतं ते मला दुसऱ्यांदा वाचताना दिसलं. त्यात एक वाक्य होतं की पॅरालिसिसच्या पेशंटनाही याचा फायदा होऊ शकतो. त्या एका वाक्यासाठी हे पत्र.

मी ३६ वर्षांची, नाशिकच्या इंदिरानगरला राहते, घरून जीएसटीची रिटर्न भरायचं काम करते. २०१५ मध्ये आडगाव नाक्याजवळ ट्रकनं कट मारला, स्कूटीवरून पडले, मणका डी १२ ला, म्हणजे छातीच्या मणक्यांतल्या सगळ्यात खालच्याला मोडला, तेव्हापासून व्हीलचेअर. डॉक्टरांनी तेव्हाच समजावलं होतं की मार वर मानेत किंवा छातीच्या वरच्या मणक्यांत लागला तर पाय ताठरतात, झटके येतात आणि त्या झटक्यांमुळे का होईना स्नायू थोडाफार टिकतो. माझं खालच्या टोकाला लागलं म्हणून पाय एकदम ढिले, आणि ढिल्या स्नायूचं मांस भराभर झडतं. वर्ष दीड वर्षात मांड्या गेल्या, कुल्ले गेले, दिवसभर बसून पोट मात्र सुटलं. भाषेबद्दल माफ करा पण याला दुसरा शब्द नाही, बूड गेलं माझं.

आता यात दिसण्याचं काय, असं कुणी म्हणेल. आहे ना, दिसण्याचंही आहे! मामेबहिणीच्या लग्नात कुणीतरी मागून फोटो काढला, ड्रेस असा लोंबत होता जसा हँगरला अडकवलाय, आणि मी तो डिलीट करायला सांगितला तर मावशी म्हणाली अगं तुला कोण बघतंय. मावशी मनानं चांगली आहे पण ते वाक्य मला अजून आठवतं. चालता येत नाही म्हणून आरशात बघायचं पण सोडायचं का? बाकीच्यांनी लायपो, म्हणजे चरबी ओढून काढायचं ऑपरेशन, केली तर हौस, आम्ही नुसतं विचारलं तरी लोक आईकडे बघून च् च् करतात.

पण दिसण्यापेक्षा मोठं दुखणं दुसरं आहे. खुर्चीवर बसल्या बसल्या हात खाली घालून बघा, दोन हाडं लागतील. तुमच्या त्या हाडांवर मांसाची गादी आहे, शिवाय टोचलं की तुम्ही नकळत सरकता. माझ्याकडे गादी नाही आणि मला टोचतही नाही. म्हणून हवेचं कुशन, दर वीस-पंचवीस मिनिटांनी हातावर जोर देऊन अंग उचलायचं, आणि रोज रात्री आई मोबाइलचा टॉर्च धरते आणि मी भद्रकालीतून आणलेल्या दांडीच्या आरशात बघते लाल डाग आहे का. २०१८ मध्ये एक होता, रुपयाच्या नाण्याएवढा. आम्हाला वाटलं घामोळं. कातडी वरून जरा लाल दिसते तेव्हा आत हाडाजवळ कुजायला सुरुवात झालेली असू शकते हे तेव्हा माहीत नव्हतं. चार महिने पालथी झोपून काढले. सुपरमॅनचं काम करणारा आणि पुढे मान मोडून व्हीलचेअरवर आलेला ख्रिस्तोफर रीव्ह २००४ साली गेला तेव्हा त्याच्यावरही अशाच चिघळलेल्या बेडसोरचे, म्हणजे दाबानं होणाऱ्या जखमेचे उपचार चालू होते, आणि त्याला काही नर्सची कमी नव्हती.

तर अशा माणसाला तुम्ही सांगता की पोटावरची जास्तीची चरबी बुडाखाली भरता येते, म्हणजे पोटही कमी आणि गादीही तयार. मी त्याच आठवड्यात अपॉइंटमेंट घेतली. क्लिनिकचं नाव लिहीत नाही, शहरात अशी बरीच झालीत आता. लिफ्ट होती पण लिफ्टच्या आधी तीन पायऱ्या, तिथं बाबांनी आणि वॉचमननं खुर्ची उचलली. आत एक गोड मुलगी होती, काउन्सेलर. तिनं टॅबवर आधीचे-नंतरचे फोटो दाखवले, वजन विचारलं, शुगर विचारली, लग्न झालंय का तेही विचारलं (कशाला कोण जाणे) आणि मग म्हणाली, मॅडम बाकी काही पथ्य नाही, फक्त दोन आठवडे बसायचं नाही, जमलं तर सहा आठवडे.

मी काही बोलले नाही. बाबा माझ्याकडे बघत होते. तिच्या लक्षात आलं तेव्हा ती लाल झाली बिचारी, आणि म्हणाली की आमच्याकडे स्पेशल पिलो मिळते, ती मांड्यांखाली घ्यायची म्हणजे मागचा भाग अधांतरी राहतो.

घरी येऊन फिजिओथेरपिस्टला फोन केला तर ते आधी हसले आणि मग चिडले. काढलेल्या चरबीला सुरुवातीचे काही दिवस स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, आजूबाजूच्या मांसातून पाझरेल तेवढ्यावर ती जगते, मग हळूहळू तिच्यात नव्या बारीक रक्तवाहिन्या तयार होतात. तेवढ्यात दाब पडला की मेली. एरवी सगळं नीट झालं तरी भरलेल्यातली बरीचशी जिरून जाते, म्हणून आधीच जास्त भरतात. आणि मेलेली चरबी सगळीच विरघळते असं नाही, तिच्या कडक गाठी होतात. म्हणजे ज्या हाडाखाली गादी करायला गेलो तिथंच खडा ठेवून आलो, आणि तो खडा मला टोचणार नाही! बरं ती पिलो, तिनं सगळा भार मांड्यांवर येतो, माझ्या मांड्यांनाही काही कळत नाही, तोल जातो तो वेगळाच. पालथं झोपायचं म्हणाल तर मी झोपेन, मला सवय आहे, पण दर चार-सहा तासांनी लघवी काढायला कॅथेटर घालायचा असतो आणि सकाळी कमोडच्या खुर्चीवर बसावंच लागतं, ते काय दोन आठवडे बंद ठेवू? लायपोनंतर जो घट्ट पट्टा घालतात त्याची एक चुणी पोटाखाली दुमडली तर बधिर कातडीला तेवढंही जखम व्हायला पुरतं. यातलं एकही त्या जाहिरातीत नव्हतं आणि क्लिनिकमध्येही कुणी काढलं नाही. डॉक्टर पाच मिनिटं भेटले, कुशन कोणतं वापरता, पूर्वी बेडसोर झाला होता का, काही नाही.

जिवाची भीती आहे ती वेगळीच. कुल्ल्याच्या स्नायूत आणि खाली मोठ्या शिरा असतात, सुई खोल गेली तर चरबी शिरेतून फुफ्फुसात जाते आणि माणूस टेबलावर जाऊ शकतो. या ऑपरेशनमध्ये अंदाजे तीन हजारांत एक मृत्यू होतो असा आकडा निघाल्यावर २०१८ मध्ये प्लॅस्टिक सर्जनांच्या संघटनांनीच इशारा दिला होता की चरबी कातडीखालीच भरा, स्नायूत नको. आता ज्याचा स्नायूच कागदासारखा झालाय त्याच्यात वर कुठं आणि खाली कुठं हे किती नीट कळत असेल, मला तरी शंका आहे. आणि आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधला सिन्नरकडचा एक मुलगा, विहिरीत पडून मान मोडलेला, त्याला तर एका ठिकाणी सांगितलं की तुला कळतच नाही तर भूल कशाला. अहो, डी ६ ला (छातीचा सहावा मणका) किंवा त्याच्या वर मार असलेल्याला खाली काही टोचलं, कापलं, नुसती लघवी तुंबली तरी बीपी एकदम वर जातं, डोकं फुटेल असं दुखतं, घाम सुटतो, वेळेत नाही कळलं तर मेंदूत रक्तस्राव होतो. कळत नाही म्हणजे शरीराला कळत नाही असं नव्हे.

फॅट ट्रान्सफर वाईट असं मी म्हणत नाहीये. गालात भरायची असेल तर भरा, गालावर कुणी बसत नाही. आणि बेडसोरच्या जखमेवर प्लॅस्टिक सर्जन जो फ्लॅप करतात, म्हणजे शेजारचं मांस त्याच्या रक्तवाहिनीसकट सरकवून बसवतात, ते वेगळं ऑपरेशन आहे, त्यालाही नंतर कित्येक आठवडे झोपूनच राहावं लागतं पण निदान ते सांगून, हवेच्या गादीवर, वॉर्डात ठेवून करतात.

एक माझ्या धंद्यातलं. एस्टिमेटवर क्लिनिकनं १८ टक्के जीएसटी लावला होता. कॉस्मेटिक सर्जरीला तो लागतो, बरोबर आहे, पण अपघातानं किंवा जन्मजात दोषानं बिघडलेला अवयव किंवा त्याचं काम पूर्ववत करायला केलेल्या प्लॅस्टिक सर्जरीला माफी आहे, कायद्यात तसं लिहिलंय. मी म्हटलं माझं बूड अपघातानंच गेलंय. अकाउंटवाला म्हणाला मॅडम सिस्टिममध्ये एकच कोड आहे. विम्याचंही तसंच, कॉस्मेटिक म्हटलं की क्लेम नाही, अपघातानंतरचं रिकन्स्ट्रक्शन म्हटलं आणि डॉक्टरनं तसं लिहून दिलं तर विचार करतात. म्हणजे जाहिरातीत आम्ही पॅरालिसिसचे पेशंट आणि बिलात हौशी गिऱ्हाईक.

मी ऑपरेशन केलं नाही. त्याच्या ॲडव्हान्सएवढ्या पैशात नवीन कुशन आलं, जुन्याचे दोन कप्पे सारखे हवा सोडत होते आणि कुंभमेळ्यासाठी खणलेल्या रस्त्यांवरून रिक्षातून जाताना ते मला कळायचंही नाही, आईला टॉर्चखाली कळायचं.

तुम्हाला विनंती एवढीच की असलं पान पुन्हा छापाल तेव्हा 'जाहिरात' हा शब्द वर मोठ्या अक्षरात टाका, आणि एखाद्या रिहॅबच्या (पुनर्वसनाच्या) डॉक्टरला विचारून शेजारी चार ओळी द्या की बसून जगणाऱ्या माणसानं हे करायच्या आधी काय काय विचारायचं. मुंबईत हाजी अलीला यासाठी आख्खी सरकारी संस्था १९५५ पासून आहे, एक फोन तरी करून बघा.

आणि जमलं तर त्या क्लिनिकवाल्यांना तेवढ्या तीन पायऱ्यांचंही सांगा, तुमचं ऐकतील. बाबा ६८ चे आहेत, त्या दिवसापासून त्यांची कंबर धरलीय.

आपली एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक
(नाव छापू नये)