टायटल ब्लॉककडे कोणी बघतं का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात उद्योगाच्या पानावर रोबो, ऑटोमेशन, एआय असं बरंच येतं, मी आवडीने वाचतो, पण आमच्या भोसरी-चाकणच्या छोट्या वर्कशॉपमधे चांगल्या मशीनवर चांगल्या ऑपरेटरने केलेला मालसुद्धा कधीकधी भंगारात जातो आणि कारण निघतं ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातली चौकट, त्यावर कोणी काही लिहिताना दिसत नाही म्हणून हे पत्र.

मी ड्राफ्ट्समन मेकॅनिकलचा आयटीआय केलेला माणूस, दिवसभर कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरवर असतो. ही चौकट म्हणजे टायटल ब्लॉक. ड्रॉइंग नंबर, पार्टचं नाव, मटेरियल, स्केल, रेव्हिजन, कोणी काढलं, कोणी चेक केलं, सगळं तिथे. आणि बहुतेक छोट्या ऑफिसात नवीन ड्रॉइंग करायची पद्धत काय, तर जुनी फाइल उघडायची, सेव्ह अ‍ॅज मारायचं, आतला पार्ट पुसून नवा काढायचा आणि घाईत खालचे दोन-तीन रकाने बदलायचे. बाकीचे तसेच राहतात. शाफ्ट ईएन २४ ग्रेडच्या स्टीलचा हवा असतो, नोटमधे तसं लिहिलेलंही असतं, पण टायटल ब्लॉकमधे मागच्या जॉबचं ईएन ८ तसंच बसलेलं असतं आणि स्टोअरवाला बार काढताना टायटल ब्लॉकच बघतो, त्याची काय चूक?

एका वर्कशॉपमधे, नाव नको, एल आकाराच्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग आलं होतं, दोन टॅप होल (आटे पाडलेली भोकं) एकाच बाजूला. व्ह्यू फर्स्ट अँगलमधे काढलेले (डावीकडून दिसणारी बाजू उजवीकडे काढायची पद्धत), आपल्याकडे तेच चालतं, पण बॉर्डर उचललेली कुठल्यातरी अमेरिकन कस्टमरच्या जुन्या फाइलमधून, त्यामुळे टायटल ब्लॉकमधे थर्ड अँगलचं, म्हणजे डावी बाजू डावीकडेच काढायच्या पद्धतीचं चिन्ह. ऑपरेटर शिकलेला होता, त्याने चिन्ह बघितलं आणि त्याप्रमाणे व्यवस्थित काम केलं. सगळा लॉट उलट्या हाताचा, आरशात दिसतो तसा, तयार झाला. आणि बोलणी खाल्ली त्या ऑपरेटरनेच, याचा मला आजही राग येतो.

दुसरा प्रकार एक्सप्लोडचा, म्हणजे ब्लॉक फोडून सुटा करायच्या कमांडचा. ऑटोकॅडमधे टायटल ब्लॉक हा अ‍ॅट्रिब्यूट असलेला ब्लॉक (भरायचे रकाने असलेला एकसंध तुकडा) असतो, डबल क्लिक केलं की रकाने भरायची खिडकी उघडते. एखाद्या पोराला ते माहीत नसतं, तो सरळ एक्सप्लोड मारतो, आणि मग भरलेली सगळी माहिती उडते आणि त्या जागी अ‍ॅट्रिब्यूटचे टॅग, म्हणजे रकान्यांची आतली नावं, दिसायला लागतात. ड्रॉइंग नंबरच्या रकान्यात नंबर नाही, नुसतं डीआरजी अंडरस्कोर एनओ असं छापलेली प्रिंट मी शॉप फ्लोअरवर चिकटवलेली बघितलीये.

खरंतर उपाय अवघड नाही. एकच मास्टर टेम्प्लेट बनवायचं, डीडब्ल्यूटी (ऑटोकॅडची नमुना) फाइल, त्यात लेयर, डायमेन्शन स्टाइल, मिलिमीटर युनिट, ए४ ते ए० चे लेआउट सगळं बसवायचं, सर्व्हरवर रीड ओन्ली ठेवायचं आणि प्रत्येकाच्या ऑप्शन्समधे क्यून्यू या नवीन ड्रॉइंगच्या कमांडसाठी तीच फाइल लावून द्यायची, म्हणजे न्यू केलं की तेच उघडणार. त्यात बदल करायचा हक्क एकाच माणसाला. लोगो आणि पत्ता एक्सरेफमधे, म्हणजे बाहेरून जोडलेल्या वेगळ्या फाइलमधे ठेवला तर कंपनी भोसरीहून चाकणला गेली तरी एका जागी पत्ता बदलला की झालं (फक्त व्हेंडरला पाठवताना ईट्रान्समिट करायचं, म्हणजे जोडलेल्या फाइलीही सोबत जातात, नाहीतर त्याच्याकडे लोगो-पत्ताच दिसत नाही). ब्लॉकमधे नवीन रकाना घातला तर जुन्या ड्रॉइंगमधे तो आपोआप येत नाही, नवा ब्लॉक तिथे आणावा लागतो, अ‍ॅटसिंक, ही रकाने जुळवायची कमांड, मारावी लागते, हे तर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांनाही माहीत नसतं. सॉलिडवर्क्स या थ्रीडी मॉडेलवरून ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमधे तर अजून सोपं, टायटल ब्लॉकचा मजकूर पार्टच्या कस्टम प्रॉपर्टीला (पार्टसोबत साठवलेल्या माहितीला) लिंक करता येतो, मॉडेलमधे मटेरियल बदललं की ड्रॉइंगमधे बदललंच.

आता शिक्षणाचं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला पोरं टायटल ब्लॉक १८५ बाय ६५ असं पाठ करतात, शीटवर पेन्सिलने आखतात, मार्क मिळतात, संपलं. आयएसओ ७२०० या टायटल ब्लॉकच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच्या २००४ च्या आवृत्तीत ही रुंदी १८० मिलिमीटर आहे, आणि ए४ कागद २१० चा, डावीकडे फायलिंगला २० आणि उजवीकडे १० सोडले की बरोबर १८० उरतात, म्हणजे एकच चौकट ए४ पासून ए० पर्यंत चालते. हे मला कोणी वर्गात सांगितलं नाही. त्याच स्टँडर्डमधे सक्तीचे रकाने फक्त आठ आहेत: मालक कंपनी, ड्रॉइंग नंबर, तारीख, शीट नंबर, टायटल, काढणारा, अप्रूव्ह करणारा आणि डॉक्युमेंटचा प्रकार. आमच्याकडे एकेका बॉर्डरवर पंचवीस-तीस रकाने असतात आणि निम्मे कायम रिकामे, मग भरलेल्यांवरही कोणाचा विश्वास राहत नाही.

माझी विनंती आहे की आयटीआय आणि पॉलिटेक्निकमधे कॅडच्या प्रॅक्टिकलला पोरांकडून एक तरी टेम्प्लेट सुरुवातीपासून बनवून घ्यावं, अ‍ॅट्रिब्यूटसकट, आणि परीक्षेत त्याला मार्क असावेत. आणि उद्योजकांच्या संघटनांनी आपापल्या मेंबरसाठी एक साधं टेम्प्लेट फुकट द्यावं, स्वस्तातल्या कॅडमधेही डीडब्ल्यूटी उघडते त्यामुळे लायसन्सचा प्रश्न नाही. त्यात फर्स्ट अँगलचं चिन्ह आणि युनिट आधीच लावलेलं असावं आणि मटेरियलचा रकाना मुद्दाम रिकामा ठेवावा, म्हणजे चेक करणाऱ्याला तो भरून घेतल्याशिवाय सही करता येणार नाही.

आपला,
एक ड्राफ्ट्समन, भोसरी